शंभर वर्षांचं बालपण: गेममधला एल्फ नक्की घडतो कसा?

बेळगावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या हॉस्टेलांत आणि टिळकवाडी-शहापूरच्या घरांत हल्ली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणारी पोरं भेटू लागली आहेत. काहींना २०२३ साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या व्हिडिओ गेमने ओढलं, काही जण यूट्यूबवर इतरांना खेळताना बघून शिकले. २०२४ मध्ये या खेळाचं नवं नियमपुस्तक आलं आणि जुनं बरं की नवं, यावर वाद रंगले. त्या वादांत एक प्रश्न हमखास निघतो, आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या आईवडिलांनाही तो पडतो. एका टेबलावर तो असा निघाला:

“तुझा एल्फ किती वर्षांचा?”

“एकशेवीस.”

“आणि लेव्हल एक? एकशेवीस वर्षं काय करालता मग हा?”

सगळे हसले आणि फासे पुढे सरकले. या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते नीट कळलं तर एल्फ या दीर्घायुषी काल्पनिक जमातीचं पात्र मुळातून वेगळं खेळता येतं. आपल्या सीमाभागातल्या खेळाडूला तर ते इतरांपेक्षा लवकर कळावं, असं मला मनापासून वाटतं. का, ते पुढे येईलच.

आधी खेळ समजून घेऊ

रोल-प्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि त्याच्या वतीने बोलतो, निर्णय घेतो. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. गावकरी, राक्षस, पाऊस, सगळं त्याच्या हातात. पात्राला जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. पात्राची माहिती एका कागदावर लिहिलेली असते आणि अनुभव वाढला की त्याची लेव्हल वाढते. लेव्हल एक म्हणजे नुकताच घराबाहेर पडलेला.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ छापला, तेव्हापासून त्यात एल्फ आहेत. टोकदार कान, सडसडीत बांधा, तीक्ष्ण नजर आणि माणसाच्या कितीतरी पट आयुष्य. उत्तर युरोपच्या लोककथांत एल्फ जुनेच, पण उंच, देखणा, दीर्घायुषी एल्फ आज डोळ्यांपुढे येतो तो मुख्यतः ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किन यांच्यामुळे.

एवढं वय आलं कुठून?

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत वयाचा एक तक्ता होता. माणूस पंधराव्या वर्षी सज्ञान, एल्फ एकशेदहाव्या. त्यावर पात्राच्या पेशाप्रमाणे फासे टाकून आणखी वर्षं मिळवायची. चोर-भामटा प्रकारातल्या एल्फला सहा बाजूंचे चार फासे, पुस्तकं वाचून जादू शिकणाऱ्याला दहा. म्हणजे जादूगार एल्फ पहिल्या साहसाला निघतो तेव्हा एकशेवीस ते एकशेसत्तर वर्षांचा असू शकतो. त्याच तक्त्यात एल्फचं मध्यमवय एकशेपंचाहत्तरला सुरू व्हायचं. फासे फारच चांगले पडले, तर बिचारा लेव्हल एकवर असतानाच मध्यमवयाच्या उंबरठ्यावर!

टेबलावरचा गोंधळ इथूनच सुरू झाला. तक्त्याने वय सांगितलं, पण त्या वयात काय घडलं ते सांगितलं नाही. लोकांनी आपापले अर्थ लावले. कुणी म्हणालं, एल्फचं मूल पन्नास वर्षं रांगतच असेल. कुणी म्हणालं, एल्फ मंदच असणार.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हा गुंता बऱ्यापैकी सोडवला. एल्फचं शरीर साधारण माणसाच्याच वेगाने वाढतं, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. विशीतला एल्फ दिसायला विशीतलाच. पण एल्फ समाज त्याला प्रौढ मानत नाही. जगाचा पुरेसा अनुभव गाठीशी आला की, साधारण शंभरीच्या आसपास, तो स्वतः प्रौढ झाल्याचं जाहीर करतो आणि नवं नाव घेतो. तोवर त्याचं लहानपणीचं नाव चालतं. पुढे साडेसातशे वर्षांपर्यंत आयुष्य.

म्हणजे शंभर हा आकडा हाडामांसाचा नाही, समाजाने ठरवलेला आहे. एल्फच्या संगोपनाचा सगळा विचार इथून सुरू होतो.

शंभर वर्षं म्हणजे किती, ते बेळगावात उभं राहून बघा

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव अधिवेशन. त्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीत आजही आहे. समजा, त्या महिन्यात इथे एक एल्फ मूल जन्मलं. ते मूल आत्ता कुठे प्रौढ होतंय.

त्याने पाहिलेलं जरा मोजा. इंग्रज गेले तेव्हा ते बावीस वर्षांचं, दिसायला ऐन तरुण, घरात अजून पोर. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, शेजारपाजारची माणसं सत्याग्रहात उतरली, ते पोरच. १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. २००४ मध्ये महाराष्ट्र सीमाप्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ मध्ये बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. प्रत्येक वेळी घरातली एल्फ आजी म्हणाली असेल, अजून लहान आहेस, बघून घे.

त्याच्या गल्लीतले सवंगडी मात्र माणसांचे. बरोबर गोट्या खेळलेला मित्र म्हातारा होऊन गेला. मग मित्राचा मुलगा मित्र झाला, तोही पिकला. आता नातू भेटतो आणि विचारतो, “माझे आजोबा कसे होते ओ?” सांगायला हा एकटाच उरलेला. ज्याने अशी तीन पिढ्यांची मैत्री आणि मित्राची मयत बालपणातच पाहिली, तो नव्या ओळखीला लगेच मिठी मारत नसेल, तर त्याला शिष्ट म्हणता येईल का? एल्फ थंड असतात, अंतर राखतात, हे खेळात नेहमी म्हटलं जातं. त्यामागचं दुःख फार कमी खेळाडू उचलतात आणि मला याची खरंच हळहळ वाटते, कारण पात्राचं सोनं तिथेच आहे.

आता लेव्हलचं बघू. लेव्हल वाढते ती धोक्यांना तोंड देऊन, मंत्र वापरून, माणसं वाचवून. शंभर वर्षं घरच्या छायेत वाढलेल्या एल्फला विपुल ज्ञान असेल, चार भाषांतली गाणी येतील, तरी रात्रीच्या जंगलात तलवार उपसायची वेळ त्याच्यावर आलेली नसेल. त्याला घाईच नव्हती. माणसाला पन्नास-साठ वर्षांत संसार उरकायचा असतो, म्हणून तो विशीतच बाहेर पडतो. एल्फला एक गाणं नीट बसेपर्यंत दहा वर्षं घालवता येतात आणि त्याला कुणी आळशी म्हणत नाही. १९८१ च्या सोप्या आवृत्तीत अनुभवगुणांतही एल्फ सावकाश पुढे सरकायचा. लढवय्याला दुसऱ्या लेव्हलला २,००० गुण पुरायचे, एल्फला ४,००० लागायचे.

झोप नाही, आठवण आहे

पाचव्या आवृत्तीतले एल्फ झोपत नाहीत. चार तास अर्धवट जाग्या ध्यानात बसतात, त्याला खेळात ‘ट्रान्स’ म्हणतात. बहुतेक खेळाडू याकडे फायदा म्हणून बघतात: इतरांना आठ तास लागतात, एल्फ चार तासांत ताजातवाना, राहिलेला वेळ पहाऱ्याला मोकळा.

२०१८ च्या एका पुरवणी पुस्तकाने याच नियमातून बालपण उलगडलं. एल्फचा आत्मा पुन्हा पुन्हा जन्म घेतो अशी त्या जगाची समजूत आहे. लहान एल्फ ट्रान्समध्ये बसला की त्याला आपला गेलेला दिवस दिसत नाही, तर देहात येण्यापूर्वीच्या आत्म्याच्या आठवणी दिसतात. काही वर्षांनी एके रात्री पहिल्यांदा या जन्मातली, जागेपणी घडलेली गोष्ट आठवणीत येते. घरच्यांसाठी तो मोठा क्षण, कारण मूल आता इथलं होऊ लागलं. पुढे शंभरीच्या सुमारास त्या जुन्या आठवणी मिटतात आणि तो प्रौढ ठरतो.

पुनर्जन्माची कल्पना कानावरून गेलेल्या आपल्यासारख्या वाचकाला हे परकं वाटणार नाही. पण आईच्या जागी उभं राहून बघा. मांडीवरचं मूल रोज रात्री तिच्या आवाक्याबाहेरच्या ठिकाणी जातं आणि ते इकडचं व्हावं म्हणून तिने वर्षानुवर्षं थांबायचं. एल्फ आईवडिलांना धीर कुठून येतो, हे मला या एका तपशिलातून जितकं कळलं तितकं कुठल्याच तक्त्यातून कळलं नव्हतं.

रक्तात किती आणि घरात किती?

नव्या नियमपुस्तकावरचा मोठा वाद इथे आहे.

२०१४ च्या नियमांत एल्फ म्हटला की चपळाईत दोन गुण जास्त मिळायचे. बहुतेक एल्फांना तलवार आणि धनुष्य चालवणं आपोआप यायचं. पोट भरण्यासाठी तो आयुष्यभर मडकी करत असला तरी! २०२० च्या पुरवणीत हे गुण हवे तिकडे फिरवायची मुभा मिळाली. २०२४ च्या पुस्तकाने ते एल्फपणातून काढूनच टाकले आणि ‘बॅकग्राउंड’कडे दिले. बॅकग्राउंड म्हणजे साहसाला निघण्यापूर्वी पात्र कुठे, कोणात आणि काय करत वाढलं. असे सोळा पर्याय आहेत. शेतकरी बॅकग्राउंड घेतलं तर गुण ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांत पडतात, जनावरं हाताळायला येतात. शस्त्रांचं आयतं शिक्षण गेलं. अंधारात दिसणं, मोहिनी मंत्राला सहजी न भुलणं आणि ट्रान्स, हे मात्र जन्मजात म्हणून राहिलं.

दोन मावसभावंडं डोळ्यांपुढे आणा. एक कोल्हापुरात वाढला, दुसरा बेळगावजवळच्या खानापुरात. दोघांचे डोळे आजोबांचे, ठेंगणा बांधाही तोच. खानापूरचा पोरगा बसवरची कन्नड पाटी लांबून वाचतो, दुकानात मोठं माणूस बोललं की तोंडातून आपसूक “हौद री” निघतं, आणि घरात पाऊल टाकताच मराठी सुरू होते. कोल्हापूरच्याला त्या पाटीवरचं अक्षरही लागत नाही. कन्नड खानापूरच्या पोराच्या रक्तात नव्हती. गल्लीने दिली, शाळेने दिली. डोळे आजोबांनी दिले. नव्या नियमांनी एल्फच्या बाबतीत एवढंच केलं: डोळे एका रकान्यात, कन्नड दुसऱ्या रकान्यात.

यावर आक्षेप येतो की मग एल्फात आणि माणसात फरक काय उरला, सगळे सपाट झाले की! आक्षेप अगदीच पोकळ नाही. जुन्या नियमांत एल्फ हातात घेताच वेगळा वाटायचा, तो वेगळेपणा नव्या कागदावर थोडा फिका झाला आहे. तरी मी नव्याच्या बाजूने आहे. शंभर वर्षांचं संगोपन एका ‘अधिक दोन’मध्ये गुंडाळलं की खेळाडू त्याचा विचारच करत नाही. आता त्याला ठरवावं लागतं की धनुष्य शिकवलं कुणी, आणि शिकवलं नसेल तर का.

सगळे एल्फ एका साच्यातले नाहीत

‘एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेम मालिकेतल्या वनवासी एल्फांचा जंगलाशी करार आहे: आपल्या वनातल्या झाडापानाला इजा करायची नाही. म्हणून त्यांचा आहार मांसाचा. एल्फ म्हणजे पालापाचोळा खाणारा साधू अशी समजूत असलेल्याने हे एकदा वाचावंच.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच २००४ च्या ‘एबेरॉन’ या कल्पित जगात संगोपन पूर्वजांभोवती फिरतं. तिथल्या लढवय्या एल्फांत पुरोहित खुणा पाहून सांगतात की कोणत्या वीर पूर्वजाने या पोराला निवडलं. त्या दिवसापासून पोराने त्या पूर्वजासारखं जगायचं, लढायचं, शक्य तितकं त्याच्यासारखं व्हायचं. पूर्वज घोडेस्वार असेल तर घोडा, धूर्त असेल तर धूर्तपणा. पोराला स्वतःला काय हवं होतं, हे विचारायची पद्धत नाही. असा एल्फ खेळायला घेतला की गोष्टीचं बीज तयारच मिळतं.

ज्यांची भाषाच हरवली

मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते २००९ पासूनच्या ‘ड्रॅगन एज’ या व्हिडिओ गेम मालिकेतले एल्फ. तिथे त्यांचं राज्य गेलं, गुलामी आली. पुढे मिळालेली भूमीही माणसांनी युद्ध करून घेतली. काही शहरांत राहिले, भिंतीआड वेगळ्या वस्तीत, वस्तीच्या मधोमध एक मोठं झाड जपत. काहींनी माणसांचा धर्म नाकारला आणि टोळ्या करून रानोमाळ फिरू लागले. त्यांना डेलिश म्हणतात.

डेलिशांची भाषा जवळजवळ संपलेली आहे. उरलेत ते सुटे शब्द, काही म्हणी, गाण्याच्या ओळी. टोळीतला जाणता माणूस मुलांना गोळा करून तेवढंच पुन्हा पुन्हा सांगतो, आणि त्यातलं काही चुकीचं असण्याचीही शक्यता असते. वयात आलं की चेहऱ्यावर देवतेच्या खुणा गोंदवून घ्यायच्या. गोंदताना तोंडातून हूं की चूं काढायचं नाही. ओरडला तर अजून तयार नाही, असं समजून थांबवतात.

सीमाभागातल्या घरांत, पोरांची मराठी टिकेल ना, ही काळजी मी लहानपणापासून ऐकत आलोय. कन्नडशी वैर म्हणून नाही. कन्नड आपल्या पोरांना येते आणि यायलाच हवी. काळजी असते ती आजीच्या ओव्या समजणारं कुणी उरेल का, याची. आपली मराठी डेलिशांच्या भाषेसारखी मोडलेली नाही. बोलणारी घरं आहेत, शाळा आहेत, वाचनालयं आहेत. पण भाषा राखणं हे रोजचं काम आहे आणि ते कुणाला तरी करावं लागतं, हे त्या टोळीतल्या जाणत्याला जसं ठाऊक, तसं इथल्या मराठी शाळेच्या मास्तरांनाही. हे पात्र आपल्याकडच्या पोराने खेळायला घेतलं तर त्याला वेगळा अभ्यास करावा लागणार नाही.

आणि अर्धा एल्फ?

आई एल्फ आणि वडील माणूस, किंवा उलट. २०१४ च्या पुस्तकात अर्ध्या एल्फचं वर्णन असं होतं की तो दोन्ही जगांत वावरतो, पण खऱ्या अर्थाने कुठल्याच जगाचा नसतो. विशीत तो प्रौढ होतो. एल्फांमध्ये वाढला तर बरोबरीचे सवंगडी अजून लहान असतानाच हा मोठा झालेला असतो. २०२४ च्या पुस्तकात अर्धा एल्फ हा स्वतंत्र पर्याय राहिला नाही. खूप खेळाडू नाराज झाले, आणि त्यांची नाराजी मला पटते. दोन घरांत वाढलेल्यांना ते पात्र आपलं वाटायचं.

फक्त ‘कुठल्याच जगाचा नाही’ हे मला कधी पटलं नाही. दोन भाषांत वाढलेलं मूल दोन्हीकडचं असतं. कधी दोन्हीकडून टोमणे खातं, हे खरं, पण म्हणून ते रिकामं नसतं. अर्धा एल्फ खेळताना सतत उदास राहायची गरज नाही. त्याला दोन्हीकडचे विनोद कळतात.

‘पाथफाइंडर’ या खेळात याच्या उलट बाजूचा विचार आहे. तिथे जन्माने पूर्ण एल्फ, पण माणसांत वाढलेल्यांना वेगळं नाव आहे, ‘फॉरलॉर्न’. रक्त शंभर टक्के एल्फचं, पण ज्यांच्यात वाढले ते एकामागून एक म्हातारे होऊन गेलेले. संगोपन रक्तावर मात करतं की नाही, हा प्रश्न या पात्राइतका टोकदार कुठेच उभा राहत नाही.

“कल्पनेतल्या जमातीसाठी एवढा खटाटोप कशाला?”

आईवडिलांचा हा प्रश्न रास्त आहे. खेळ चार तासांचा, त्यात कानाला टोक आहे हे पुरेसं नाही का? ज्यांना फक्त राक्षस मारायचेत त्यांना पुरेसं आहे, आणि त्यात काही वाईट नाही. पण पोरगं टेबलावर बसून दुसऱ्या कुणाच्या तरी बालपणाचा, आजीचा, भाषेचा विचार करत असेल, तर तो वेळ मला वाया गेलेला वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एखादी जमात जन्मतःच देखणी, हुशार आणि दुसरी जन्मतःच दुष्ट, असं पोरांना शिकवावं का? या खेळात काळ्या कातडीचे, जमिनीखाली राहणारे एल्फ वर्षानुवर्षं सरसकट दुष्ट म्हणून रंगवले गेले. ते चूकच होतं, आणि अलीकडच्या पुस्तकांनी तो सरसकटपणा सोडला आहे. तुमच्या टेबलावर जुनी पुस्तकं असतील तर हा भाग वगळा.

एल्फ घेऊन बसण्यापूर्वी

कागदावर आकडे भरायच्या आधी खेळाडूने काही गोष्टी ठरवाव्यात. लहानपणीचं नाव काय होतं, ते कुणी ठेवलं, आणि आज त्या नावाने हाक मारणारं कुणी आहे का? पहिली भाषा कुणाकडून आली? बालपणात कोणता माणूस मित्र होता, आणि तो गेला तेव्हा आपण कुठे होतो? शंभराव्या वर्षी नवं नाव घेतलं की अजून घ्यायचं राहिलंय?

यातलं एक उत्तर डीएमला आधी कळवावं. समजा, मित्राचा नातू वाटेतल्या गावात सराय चालवतो. तुम्ही दारात उभे राहाल तेव्हा तो तुम्हाला ओळखणार नाही. त्याच्या आजोबांचं नाव आधी तुम्ही घ्यायचं की नाही, हे फाशावर सोडू नका.